गावात फुटबॉलचा पिच्चर दाखवायचाय, कोणता लावू?

मोंढ्यातला म्युलर (परभणी)

रामराम मंडळी.

विश्वचषक 11 जूनला सुरू व्हायलाय. त्याच्या आत, म्हणजे मृगाच्या पेरणीत पोरं गुंतायच्या अगोदर, गावात एका रात्री फुटबॉलचा पिच्चर दाखवायचाय. कोणता लावू? प्रश्न एवढाच हाय. खाली सगळं पाल्हाळ हाय, पण वाचल्याबिगर उत्तर देऊ नका.

मी मोंढ्यात आडतीवर मुनीम. दिवसभर सोयाबीन, तूर, हळदीच्या पट्ट्या लिहायच्या अन् रात्री फुटबॉल बघायचं. गाव जिंतूर रोडला. तिथं अलीकडं पोरं फुटबॉल खेळायलेत. ज्वारी निघाली की गायरानाच्या कडंचं एक रान मोकळं होतं, तेच मैदान. काळी जमीन. मे महिन्यात अशा भेगा पडत्यात की बॉलमागं पळताना पाय घोट्यापर्यंत आत जातो. त्यामुळं आमच्या पोरांची चालच वेगळी झालीय, सगळे मान खाली घालून पळतात. पास कुणाला द्यायचा ते बघायला वर मान केली की पडलेच. एका बाजूला बल्ल्यांचा गोल, दुसऱ्या बाजूला चपलांच्या ढिगाचा. ऊन उतरल्याशिवाय कुणी येत नाही.

निम्मी पोरं रोनाल्डोची, निम्मी मेस्सीची. मी जर्मनीवाला. कामून, ते परभणीच्या माणसाला विचारायचं नसतं. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ऐकतच मोठा झालो, मग दुसऱ्या टीमच्या मागं कशाला जावं? 2018 ला अन् 2022 ला जर्मनी पहिल्याच फेरीत घरी आली तेव्हा आडतीवरच्या हमालांनीबी मला सोडलं नाही, ती गोष्ट वेगळी. मी आपलं 2014 चं सांगत फिरतो. ब्राझीलसंगं सेमीफायनल, आपल्याकडं रात्री दीडला. म्युलरनं 11 व्या मिनिटाला पहिला मारला, मी मांडी घालून नीट बसलो, अन् लाईट गेली. आली तेव्हा कोपऱ्यात 5-0. मला वाटलं आकडा लावणाऱ्याला झोप लागलीय. 23 व्या ते 29 व्या मिनिटात चार गोल झाल्ते अन् तेवढा वेळ मी अंधारात डास मारायलो. हायलाईट नंतर पाठ झाली, पण ते बघणं काही बघण्यात धरत नाही मी.

अवांतर: यंदा जर्मनीचा पहिला सामना 14 जूनला कुरासाओशी. दीड लाखाच्या आसपास वस्तीचं बेट हाय ते. विश्वचषकात आलेल्या देशांत वस्तीनं सगळ्यात लहान. 2011 च्या जनगणनेत एकटं परभणी शहर तीन लाखांच्या वर होतं. म्हणजे निम्मी परभणी जर्मनीवर चालून यायलीय. मी कोणाच्या बाजूनं ओरडू?

असो, पिच्चरकडं येतो.

‘झुंड’ सगळ्यांना माहीतच हाय. नागपूरच्या विजय बारसे सरांच्या कामावरचा, नागराज मंजुळेंचा, 2022 चा. पोरं पावसात प्लास्टिकचा डबा लाथाडत्यात अन् बच्चन बघत उभा राहतो, तिथंच आमची पोरं खिशात. बाबासाहेबांच्या फोटोसमोर बच्चन उभा राहतो तो सीन आला की गावात शिट्ट्या थांबणार नाहीत, ती मला आत्ताच ऐकू यायलीत. पण पिच्चर तीन तासांचा. मध्यंतरापर्यंत झोपडपट्टीची पोरं विरुद्ध कॉलेजची पोरं ही मॅच हाय, तोपर्यंत कुणी हलत नाही. नंतर पासपोर्ट, कागदपत्रं, कोर्ट. मोठ्या माणसाच्या काळजाला भिडतं ते, कागदासाठी तहसीलला चकरा कुणी मारल्या नाहीत? पण बारा वर्षाचं पोरगं तिथं उठून घरी जाणार.

‘मैदान’ 2024 चा, अजय देवगणचा. त्यालाबी तीन तास. जॉन अब्राहमचा ‘गोल’ मी कॉलेजात बघितला, गाणी ध्यानात हायेत, गोल एकबी नाही. इंग्रजीतला तो पेले अन् स्टॅलोनचा 1981 चा, कैद्यांच्या मॅचचा, त्यात पेलेची ओव्हरहेड किक बघायलाच पायजे, बाकी स्टॅलोन गोलकीपर म्हणून उभा राहिला की मला हसू येतं.

माझं दुखणं सांगतो. फुटबॉलच्या पिच्चरमधी मॅच नेहमी खोटी वाटती. क्रिकेटचं तसं होत नाही. ‘लगान’ची शेवटची मॅच केवढी लांब, तरी गाव एका जागी बसलं. कारण क्रिकेटमधी एक बॉल पडला की खेळ थांबतो. तेवढ्यात बायकोचं तोंड दाखवा, म्हातारीचं दाखवा, आभाळ दाखवा. फुटबॉल थांबतच नाही. मग डायरेक्टर काय करतो? पायाचा फोटो, तोंडाचा फोटो, पायाचा फोटो, जाळी. खेळ कुठं गेला? माझा म्युलर घ्या. विश्वचषकात दहा गोल, 2010 ला पाच, 2014 ला पाच. ना त्याला लई ड्रिब्लिंग येतं, ना तो दिसायला भारी पळतो. तो फक्त जिथं कुणी नाही तिथं जाऊन उभा राहतो. बॉल दुसरीकडं असतो तेव्हा त्याचा सगळा खेळ चालू असतो. सांगा, कोणता कॅमेरा त्याच्याकडं बघंल?

तर असा पिच्चर पायजे ज्याच्यात मॅच खरी वाटंल, पोरं झोपणार नाहीत, अन् खाली इंग्रजी अक्षरं वाचायची गरज पडणार नाही. सोय अशी: प्रोजेक्टर लग्नाची शूटिंग करणाऱ्या मित्राचा. पडदा म्हणजे वाढदिवसाच्या फ्लेक्सची मागची बाजू, दोन फ्लेक्स शिवून. (समोरच्या बाजूला कोणाचा फोटो हाय ते विचारू नका, निवडणूक जवळ हाय.) आवाजाला डीजेवाला तयार हाय, पण तो पिच्चरच्या आधी अर्धा तास गाणी वाजवणार म्हणतो, तीच त्याची फी. गाणी कोणती तेबी सांगा. नाहीतर तो ‘झिंगाट’पासून सुरू करतो अन् तिथंच संपवतो.

---

क्रांती चौक (छत्रपती संभाजीनगर)

तुमचं दुखणं बरोबर आहे, पण त्यावर औषध निघालेलं आहे. मॅच दाखवूच नका!

जाफर पनाहींचा ‘ऑफसाइड’ बघा, इराणचा, 2006 चा. तेहरानच्या आझादी स्टेडियममध्ये इराण-बहरीन पात्रता सामना. बायकांना आत बंदी, म्हणून काही मुली मुलांचा वेश करून घुसायला बघतात आणि पकडल्या जातात. सैनिक त्यांना स्टेडियमच्याच बाहेरच्या बाजूला कठड्यात उभं करतात. भिंतीपलीकडे लाख लोकांचा आवाज आणि मुलींना काही दिसत नाही. शेवटी त्यातल्या एका सैनिकाला फटीतून बघून त्यांना सांगावं लागतं की आत काय चाललंय. बिचारा कसातरी सांगतो आणि मुली त्याच्या चुका काढतात, कारण खेळ त्यांना जास्त कळतो. 2005 च्या खऱ्या सामन्याच्या दिवशी त्याचं बरंच शूटिंग झालं. पिच्चरभर मॅच जवळजवळ दिसत नाही, तरी एवढी खरी मॅच मी दुसऱ्या कुठल्याच सिनेमात बघितलेली नाही. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं आणि इराणमध्ये बंदी.

दुसरा, ‘द कप’, 1999 चा, ख्येंत्से नोर्बू यांचा. हिमाचलमधल्या तिबेटी मठातली पोरं 1998 ची फायनल बघण्यासाठी वर्गणी काढून भाड्यानं टीव्ही आणि डिश आणतात. दिग्दर्शक स्वतः लामा. नट खरे भिक्खू. हा तुमच्या गावाला नक्की कळेल, त्यात पैसे कमी पडतात तेव्हाची ओढाताण तर अगदी गणपतीच्या मंडळासारखी आहे.

अडचण एकच, दोन्हींना खालची अक्षरं वाचावी लागणार. आमच्या इथे अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सवाला लोक तसे सिनेमे शांतपणे बघतात, पण तो प्रेक्षक वेगळा आणि एसी पण असतो.

---

बीडचा बाउन्सर

एवढा कुटाणा करण्यापेक्षा त्या रानात एक मॅट टाका अन् क्रिकेट शिकवा. आमच्या बीडच्या सचिन धसनं 2024 च्या अंडर-19 विश्वचषकाच्या सेमीफायनलला 96 काढले, टीम 4 बाद 32 असताना. जालन्याचा विजय झोल अंडर-19 चा कॅप्टन होता. मराठवाड्यातून फुटबॉलचा एक दाखवा!

---

मोंढ्यातला म्युलर

@बाउन्सर, धसची ती इनिंग मीबी उभं राहून बघितली भावा. पण क्रिकेटला बॅट लागती, पॅड लागतं, ग्लोव्हज लागत्यात. आमच्याकडं एका बॉलवर अख्खी आळी खेळायलीय. अन् दाखवायला कोणी नाही म्हणूनच तर पिच्चर दाखवायचाय.

@क्रांती चौक, तो फटीतून बघून सांगणारा सैनिक डोक्यात बसला राव. याच्यावर विचार करायलो.

---

काचीगुडा पॅसेंजर (नांदेड)

बाउन्सर साहेब, मराठवाड्यातून एक दाखवा म्हणता, पण 1956 च्या आधी मराठवाडा कुठे होता ते बघा की. आपले पाचही जिल्हे हैदराबाद संस्थानात होते. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद. आणि हैदराबाद म्हणजे त्या वेळचं देशातलं फुटबॉलचं माहेरघर. आमचे वडील उस्मानिया विद्यापीठात शिकायला होते, इकडे विद्यापीठ 1958 ला आलं, त्याआधी शिकायचं तर मीटरगेज धरून हैदराबाद गाठायचं. परत येताना ते दोन गोष्टी घेऊन आले, बोलण्यात ‘हौ’ आणि हैदराबाद पोलिसांच्या टीमचं वेड. या टीमनं मुंबईचा रोव्हर्स कप 1950 पासून 1954 पर्यंत सलग पाच वर्षं जिंकला. मुंबईत जाऊन, पाच वेळा! प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, पेशानं मास्तर. ‘मैदान’ त्यांच्यावरच आहे.

आता तारखा बघा. 1 नोव्हेंबर 1956 ला आपण हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो. बरोबर महिन्यानं, 1 डिसेंबरला, रहीम साहेबांच्याच भारतीय टीमनं मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाला 4-2 नं हरवलं. नेव्हिल डिसूझांची हॅटट्रिक. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. शेवटी आपण चौथे आलो, ऑलिंपिक फुटबॉलमध्ये भारताचा तो आजवरचा सगळ्यात वरचा क्रमांक. वडील म्हणायचे की राज्य बदललं पण आमची टीम बदलली नाही.

म्हणून माझं मत ‘मैदान’ला. सगळा नको, शेवटचा भाग. 1962, जकार्ता, आशियाई खेळांची फायनल. समोर दक्षिण कोरिया, ज्यांनी आपल्याला पहिल्याच सामन्यात 2-0 नं हरवलेलं. स्टेडियममधले प्रेक्षक भारताच्या विरोधात, कारण इस्रायल आणि तैवानला खेळांत घेतलं नाही यावर भारताचे क्रीडा अधिकारी सोंधी बोलले होते आणि तिथलं वातावरण तापलं होतं. जर्नैल सिंगांच्या डोक्याला आधीच्या सामन्यातले टाके. ते मूळचे बचावातले खेळाडू, रहीम साहेबांनी त्यांना पुढे काढलं, कारण टाके पडलेल्या डोक्यानं मागे उंच बॉल अडवायचे कसे? पी. के. बॅनर्जींचा एक, जर्नैलचा एक, 2-1. नऊ महिन्यांत, 1963 च्या जूनमध्ये रहीम कर्करोगानं गेले.

पोरांना हे कळू द्या की आपण आजही गाडीनं ज्या हैदराबादला दवाखान्याला जातो, त्याच गावातला हा माणूस.

---

लातूरची लाल

नमस्कार काका, मस्त लिहिलाव. वाचून ‘मैदान’ परत बघावा वाटायलाय.

म्युलर दादा, पिच्चरचं नंतर. ‘पोरं पोरं’ म्हणायलाव, पोरी येणार आहेत का नाही? येणार असतील तर त्यांना बसायला पुढं जागा ठेवा, डीजेच्या बॉक्सजवळ नको, आणि संपायची वेळ आधी सांगा. नाहीतर घरचे सोडणार नाहीत. हे कुणी ध्यानात घेत नाही म्हणून आधी लिहिलं.

आता गाणी. मी लिव्हरपूल क्लबची, 2005 पासून. चॅम्पियन्स लीगची इस्तंबूलची फायनल, मध्यंतराला मिलान 3-0 पुढं, दादा टीव्ही बंद करून झोपायला गेला, मी परत लावला. सहा मिनिटांत तीन गोल फेडले आणि पेनल्टीवर कप घेतला. पण माझ्या ध्यानात राहिलं ते मध्यंतरातलं. तीन गोलांनी मागं असलेल्या टीमसाठी लोक ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ हे गाणं म्हणत होते. ते गाणं काही फुटबॉलचं नाही. 1945 च्या ब्रॉडवेवरच्या ‘कॅरोसेल’ या संगीत नाटकातलं आहे, नवरा मेलेल्या बाईला धीर द्यायला म्हटलेलं. 1963 ला लिव्हरपूलच्याच एका बँडनं ते परत गायलं, रेकॉर्ड पहिल्या नंबरला गेली आणि तिथून ते थेट स्टँडमध्ये. दुःखाचं गाणं असं चाळीस-पन्नास हजार लोक एकदम म्हणायला लागले की त्याचा अर्थच फिरतो.

तुमच्या डीजेला हे वाजवता येणार नाही, माझा तसा आग्रहही नाही. त्याला ‘वाका वाका’ द्या, 2010 चं. आमच्याकडं अजून हळदीला वाजायलंय. त्याचं धृपद मूळ कॅमेरूनचं, ‘गोल्डन साउंड्स’ नावाच्या बँडचं 1986 चं गाणं होतं, सैन्यातल्या गाण्यावरून घेतलेलं. शकिराच्या आवाजात जगभर गेलं. विश्वचषकाचं याच्या तोडीचं गाणं नंतर झालंच नाही, हे माझं मत, भांडायचं असेल तर भांडा. ‘झुंड’मधली अजय-अतुलची दोन लावा. बास.

पण खरं सांगू का, डीजेपेक्षा हलगी बोलवा. युरोपात स्टेडियम दणाणतं ते ‘सेव्हन नेशन आर्मी’च्या सुरावर, 2003 चं व्हाइट स्ट्राइप्सचं. त्याच वर्षी बेल्जियमच्या ब्रुग क्लबचे लोक मिलानला सामन्याला गेलते, तिथं ते ओरडायला लागले. 2006 ला इटली कप जिंकली तोवर ते सगळ्या इटलीचं झालं होतं. शब्द कुणालाच येत नाहीत. नुसतं ‘पोऽ, पो पो पो पो, पोऽ, पोऽ’. सात ठोके. तुमच्या गावचा हलगीवाला एकदा ऐकून वाजवील, आणि पोरांना बॉलसंगं ते म्हणता येईल. बॉक्सचा आवाज माणसाला गप्प करतो. हलगीवर माणूस ओरडतो तरी.

---

परभणीकर मु. पो. श्टुटगार्ट

आम्ही तर दोन्हीकडचे. इथं आल्यावर पहिल्या हिवाळ्यात कळलं की ती म्हण तयार करणाऱ्यानं जर्मनीची थंडी बघितलेली नव्हती.

म्युलर शेठ, जर्मनीवाले म्हणवता आणि ‘दास वुंडर फॉन बेर्न’ बघितला नाही? 2003 चा, झ्योन्के वोर्टमानचा, तो स्वतः आधी फुटबॉल खेळायचा. 1954 ची फायनल. समोर हंगेरी, चार वर्षं न हरलेली टीम. त्यांनीच आधीच्या फेरीत पश्चिम जर्मनीला 8-3 नं धुतलेलं. फायनलला आठव्या मिनिटाला हंगेरी 2-0, अठराव्या मिनिटाला 2-2. पाऊस. 84 व्या मिनिटाला जर्मनीच्या हेल्मुट राननं मारला. 3-2.

त्यात एका खाणकामगाराच्या घराची गोष्ट आहे, बाप रशियाच्या कैदेतून अकरा वर्षांनी परत येतो आणि धाकट्या पोराला तो ओळखीचाच नाही. पोरगं रानची बॅग उचलतं, बापापेक्षा त्यालाच जास्त मानतं.

आमच्या इथल्या म्हाताऱ्यांना विचारलं तर मॅच ‘बघितली’ म्हणणारे थोडे. टीव्ही कुणाकडे होता? त्यांनी ऐकली. रेडिओवर हर्बर्ट झिमरमान. रानचा गोल झाल्यावर तो चार वेळा ‘गोल’ ओरडला आणि मग काही सेकंद गप्पच. रेडिओवर नुसता गलका. मग म्हणाला, जर्मनीचा गोल. ते रेकॉर्डिंग आजही इथं शाळेतल्या पोरांना पाठ असतं.

हिंदीत मिळणार नाही, जर्मन आहे. तेवढीच अडचण.

---

मोंढ्यातला म्युलर

अडचण नाही भावा, हीच तर सोय हाय!

दोन दिवस हिशेबात मन लागलं नाही. तो इराणचा सैनिक अन् हा तुमचा झिमरमान, दोघं मिळून माझं डोकं खायलेत. मी म्हणत होतो की कॅमेऱ्याला फुटबॉल पकडता येत नाही. तर मग पडद्यावर सोडून द्यायचं. सांगणारा माणूस पायजे. अन् तो आमच्याकडं हाय!

दरसाल दिवाळीनंतर पंचक्रोशीत टेनिस बॉलच्या स्पर्धा असत्यात. त्याला कॉमेंट्री करणारा एकजण हाय, एरवी जीप चालवतो. माईक हातात आला की त्याचं अंगच बदलतं. साधा एक रन निघाला तरी असा सांगतो की रस्त्यानं जाणारी मोटरसायकल थांबती. एकदा बॉल ऊसात गेला, सापडायला लई वेळ लागला, तेवढा वेळ ह्यानं ऊसाच्या आतली कॉमेंट्री केली. कोण कुठल्या सरीत शिरलाय, कोणाला पाला कापलाय, कोण बॉल सोडून ऊसच खायलाय. एकबी माणूस हलला नाही.

तर ठरवलं असं. अंधार पडल्यावर हलगी (लातूरच्या ताईंचं ऐकलं, डीजेवाल्याला ‘वाका वाका’ अन् ‘झुंड’ची दोन गाणी, तो जरा रुसलाय). मग ‘झुंड’ मध्यंतरापर्यंत, ती कॉलेजची मॅच संपली की बंद. चहा. मग बेर्नच्या पिच्चरचं शेवटचं, फायनलचं, आवाज पूर्ण बंद करून, आमच्या जीपवाल्याच्या मराठी कॉमेंट्रीवर. ‘मैदान’ दुसऱ्या दिवशी, काका. तो अर्धवट दाखवायला मन होईना, अन् रहीम साहेबांचं पिच्चरच्या आधी कुणीतरी सांगायला पायजे. नांदेडहून येता का? जायचं-यायचं माझ्याकडं. पोरी येणारेत, आठजणी, पुढं सतरंजी त्यांचीच.

---

काचीगुडा पॅसेंजर (नांदेड)

येतो. गाडीचं भाडं नको, ज्येष्ठ नागरिक आहे, एसटी अर्ध्यातच आणते. रात्री मुक्कामाची सोय बघा आणि जेवणात तिखट बेतानं.

---

क्रांती चौक (छत्रपती संभाजीनगर)

सिनेमाचा मूळ आवाज बंद करायचा या कल्पनेनं माझ्यातल्या फिल्म सोसायटीवाल्याचा जीव खालीवर झाला. पण मूकपटांच्या काळात आपल्याकडे पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारे असायचेच. करा, आणि कुणाला तरी मोबाईलवर रेकॉर्ड करायला सांगा.

---

बीडचा बाउन्सर

तारीख टाका. क्रिकेटवाल्याला कॉमेंट्रीला घेतलंय म्हणून येतो, फुटबॉलसाठी नाही.

---

मोंढ्यातला म्युलर

काल जीपवाल्याला घरी बोलवून तेवढा भाग दोनदा दाखवला. खेळाडूंची नावं ध्यानात बसली, रान तर लगेच. त्याचं म्हणणं, ‘रान’ आपलंच नाव हाय. फुकट करतो म्हणाला.

पण एका गोष्टीवर गाडी अडकली. तो विचारतो, देणगीदारांची नावं कधी वाचू? क्रिकेटला ओव्हर संपली की तो वाचतो, ‘अमुक कृषी सेवा केंद्राकडून एक हजार एक’. इथं ओव्हरच नाही. चहाचे पैसे, हलगीचे पैसे, जनरेटरचं डिझेल, सगळं लोकांनी दिलंय. नाव पुकारलं नाही तर पुढच्या वर्षी कुणी दारात उभं करणार नाही. काय करू?

---

परभणीकर मु. पो. श्टुटगार्ट

हंगेरीकडे बॉल असला की वाचायला सांगा. शेवटच्या वीस मिनिटांत बराच वेळ त्यांच्याकडेच आहे, यादी पुरी होईल. फक्त 84 व्या मिनिटाच्या आत संपवा, आणि त्याच्यानंतर हंगेरीच्या पुस्कासचा गोल ऑफसाइड म्हणून रद्द होतो तेव्हा कुणाचंच नाव घ्यायला लावू नका.

---

लातूरची लाल

आणि जनरेटरवाल्याचं नाव सगळ्यात आधी घ्या. 2014 सारखं नको.